'नवीन घुबड' शोधायला घेतलेला रेकॉर्डर : सहा महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (ठाणे, घोडबंदर रोड)

आधीच सांगते, मी काही पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही, अकाउंट्सवाली बाई आहे, त्यामुळे ज्यांना फक्त स्पेसिफिकेशन हवेत त्यांनी मधलं गाळून थेट पुढे जा. पण मधलं गाळलंत तर हे यंत्र मी का घेतलं आणि त्याने मला कसं तोंडावर पाडलं ते कळणार नाही आणि रिव्ह्यूचा खरा मुद्दा तोच आहे.

तर आम्ही घोडबंदर रोडला मानपाड्याच्या बाजूला राहतो, चौथा मजला, मागच्या खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. म्हणजे दिसायचा, आता अर्धा टॉवरने खाल्लाय. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी रात्री अकराच्या सुमारास भांडी आवरताना एक आवाज यायला लागला. एकच सूर, "वुक्". मग बराच वेळ काही नाही, आपण विसरतो, आणि परत "वुक्". कोणीतरी पाण्याखालून प्रश्न विचारल्यासारखा. नवरा म्हणाला बेडूक आहे. मी म्हंटलं ऑक्टोबर हीटमध्ये चौथ्या मजल्याच्या उंचीवर कुठला बेडूक. मुलाने (अकरावी, सायन्स) फोन खिडकीबाहेर धरून पक्षी ओळखायचं अ‍ॅप लावलं, त्याला रस्त्यावरचे ट्रकच ऐकू आले, त्यावर हा पठ्ठ्या म्हणतो, "आई, अ‍ॅपमध्ये नाहीये म्हणजे नवीन स्पीशीज असेल." तो गंमतीत बोलला, मी नाही घेतलं गंमतीत.

आणि हे वाटतं तितकं येडचाप नाहीये बरं का. मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. रात्रीचे पक्षी अजूनही नवीन सापडतात आणि बहुतेक वेळा आधी कानाला सापडतात, डोळ्याला नंतर. श्रीलंकेतलं सेरेंडिब स्कॉप्स आऊल हे छोटं घुबड घ्या, दीपल वारकागोडा नावाच्या पक्षीनिरीक्षकाने १९९५ मध्ये कितुलगलाच्या जंगलात एक अनोळखी हाक ऐकली, प्रत्यक्ष पक्षी दिसला २००१ च्या जानेवारीत आणि शास्त्रीय वर्णन छापून आलं २००४ ला. म्हणजे नुसत्या आवाजामागे सहा वर्षं, नंतर कागदावर यायला तीन. श्रीलंकेत १८६८ नंतर सापडलेला तो पहिला नवीन पक्षी. इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर तर अजून मजा, २००३ च्या सप्टेंबरमध्ये दोन वेगवेगळ्या लोकांनी काही दिवसांच्या अंतराने, एकमेकांना पत्ता नसताना, तीच एकसुरी हाक ऐकली आणि दोघांच्याही डोक्यात आलं की हे काहीतरी वेगळं आहे. ते रिंजानी स्कॉप्स आऊल, नाव मिळालं २०१३ ला. आणि तिथल्या गावकऱ्यांकडे त्याला आधीपासून नाव होतंच, "बुरुंग पोक", पोक असं ओरडणारा पक्षी. (हे वाचून मला फार बरं वाटलं. का ते पुढे येईल.)

आवाजाला एवढं महत्त्व का, तर घुबडं आणि रातवे (हे पण रात्रीचेच पक्षी, इंग्रजीत नाइटजार) दिसायला एकमेकांच्या झेरॉक्स कॉप्या असतात. सगळे करडे, तपकिरी, झाडाच्या सालीसारखे नाहीतर पाचोळ्यासारखे. दिवसा लपून राहायचं असतं ना, म्हणून रंग तसाच. पण ते अंधारात एकमेकांना ओळखणार कसे, तर हाकेवरून. आणि त्यांची हाक उपजत असते. बुलबुल किंवा दयाळ जसं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतो तसं यांच्यात नसतं, पिल्लू जन्मतःच ती हाक घेऊन येतं. त्यामुळे एखाद्या जंगलातल्या घुबडाची हाक बाकी सगळ्यांपेक्षा ठळकपणे आणि कायम वेगळी निघाली तर तज्ज्ञांचे कान टवकारतात.

झालं. मला रेकॉर्डर हवा झाला.

काय घेतलं

ऑडिओमॉथ म्हणून एक ओपन सोर्स यंत्र आहे, जगभर संशोधक जंगलात झाडाला बांधून ठेवतात. डिझाईन खुलं असल्याने कोणीही त्यावरून बनवू शकतं. मी घेतला तो ओरिजिनल नाही, त्याच धर्तीवर महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटने जोडून दिलेला पीस आहे, त्यामुळे खाली ज्या शिव्या आहेत त्या माझ्या पीसला, माझ्या विक्रेत्याला आणि मुख्य म्हणजे मला आहेत. विक्रेत्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मला केस (म्हणजे वरची डबी) आणि सिलिका जेलसकट साडेनऊ हजाराला पडला. नवऱ्याला साडेचार सांगितलेत.

आकार क्रेडिट कार्डापेक्षाही थोडा लहान, जाडी तेवढी जास्त कारण मागे तीन पेन्सिल सेल बसतात. एक मायक्रो एसडी कार्ड, एक छोटा सरकता स्विच, दोन दिवे, हिरवा आणि लाल. स्क्रीन नाही. बटणं नाहीत. कधी रेकॉर्ड करायचं ते लॅपटॉपला जोडून एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये ठरवायचं, मग स्विच सरकवला की ते आपलं आपण उठतं, रेकॉर्ड करतं, झोपतं. मला हे फार आवडलं, घरातल्या कोणालाच असं जमत नाही.

आवाजाची क्वालिटी किमतीच्या मानाने उत्तम. तुम्ही लग्नाची गाणी रेकॉर्ड करणार असाल तर नका घेऊ, मोनो आहे आणि माइक टाचणीच्या टोकाएवढा. पण रात्री शांतता असेल तर दूरवरचं येतं, आमच्या गच्चीवरून येऊरच्या जंगलाच्या बाजूची टिटवी स्पष्ट येते.

एक टीप जी मला कोणी दिली नाही आणि ज्यापायी मी पहिलं कार्ड चौथ्या दिवशी भरवून घेतलं ती देते. सॅम्पल रेट, म्हणजे यंत्र सेकंदाला किती वेळा आवाज मोजतं तो आकडा, उगाच मोठा ठेवू नका. ४८ किलोहर्ट्झला तासाला जवळपास ३४५ एमबी जातात, दहा तासांची रात्र म्हणजे साडेतीन जीबी. घुबड-रातव्यांचे आवाज खालच्या पट्टीत असतात, १६ किलोहर्ट्झ रेट ठेवला तरी ८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो आणि तासाला ११५ एमबीमध्ये भागतं. ३२ जीबीच्या कार्डात पंचवीसेक रात्री आरामात. सेलही जास्त टिकतात. दुकानदाराने मला ६४ चं कार्ड गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता, नको.

जिथे मी तोंडावर पडले

आता हे यंत्र डीफॉल्टने जागतिक वेळेवर चालतं, यूटीसीवर. सेटिंगमध्ये बदलता येतं, सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं पण असतं, मी वाचलं नाही. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. मी हौसेने टाइम लावला रात्री ८ ते सकाळी ६. यंत्राने ते आपल्या हिशोबाने घेतलं, म्हणजे खरं रेकॉर्डिंग झालं रात्री दीड ते सकाळी साडेअकरा. तब्बल तीन आठवडे. माझा "वुक्" ज्या अकराच्या सुमारास ओरडायचा नेमकी तेव्हा ही बाई झोपलेली.

आणि मला शंका यायला नको का? फायलीच्या नावात वेळ असते. रात्री दोन चाळीसच्या फायलीत कुकरच्या शिट्ट्या. एक नाही, तीन तीन. मी चक्क तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंवर संशय घेतला की एवढ्या रात्री कोण डाळ लावतं, आणि लिफ्टमध्ये भेटल्यावर त्यांना "झोप लागत नाही का हो हल्ली" असं काळजीने विचारलं पण. त्या बिचाऱ्या अजून माझ्याकडे विचित्र बघतात. (२:४० म्हणजे सकाळचे ८:१०. सगळ्या सोसायटीचा कुकर तेव्हाच असतो.)

याच फायलींमध्ये मला "ते" सापडलं. वेळ १:०४. खोल, घुमणारा, एका लयीत, "हूप हूप हूप हूप", दहाबारा वेळा, शेवटी पडत जाणारा. दुसऱ्या दिवशी परत, साधारण तेव्हाच. अंगावर काटा आला. मागे कावळे पण होते थोडे, पण आमच्याकडे हायमास्टच्या उजेडात कावळे रात्री पण ओरडतात अशी मी स्वतःची समजूत घातली, माणसाला एकदा नवीन घुबड हवं असलं की तो कावळ्यांचा पण बंदोबस्त करतो. मुलाने स्पेक्ट्रोग्राम काढून दिला, म्हणजे आवाजाचं चित्र, आडवा वेळ आणि उभी पट्टी. सुंदर खालच्या पट्टीतले ठिपके एका रांगेत. मी नावाचाही विचार करून ठेवला होता, सांगत नाही, लाज वाटते.

रविवारी सकाळी मोठ्या आवाजात स्पीकरवर लावलं. सासूबाई देवपूजा करत होत्या. त्यांचं माहेर शहापूर तालुक्यात, तानसाच्या बाजूला, लहानपण सगळं रानात गेलेलं. आतूनच म्हणाल्या, "भारद्वाज बोलतोय गं, शुभ असतं."

मी म्हंटलं, "आई, रात्री एक वाजताचं रेकॉर्डिंग आहे हे."

"मग तुझं घड्याळ चुकलंय. भारद्वाज काय रात्री एकला उठतो होय?"

बस्. पाच मिनिटांत सगळं उलगडलं. १:०४ म्हणजे सकाळचे ६:३४. भारद्वाज, मागे त्याच्या वेळेवर उठलेले कावळे, पुढे काकूंचा कुकर. तीन आठवडे मी सकाळचं घुबड ऐकत होते.

म्हणून पहिलं काम, वेळ बदला. भारतीय वेळ करा, मग एक दहा मिनिटांचं टेस्ट रेकॉर्डिंग करा ज्यात तुम्ही तोंडाने बोललायत की आत्ता किती वाजलेत. सेल बदलल्यावर घड्याळ परत लॅपटॉपला लावून सेट करायला लागतं हे पण लक्षात ठेवा.

मग खरा "वुक्" सापडला का?

सापडला. डिसेंबरच्या शेवटी, १०:५० ला, यावेळी खरे १०:५०. छान स्वच्छ, कारण थंडीत एसी बंद असतात सगळ्यांचे. एकच नोट, दोन हाकांमधलं अंतर कधी सहा सेकंद कधी पंधरा, पट्टी एक किलोहर्ट्झच्या आतबाहेर.

ते घेऊन मी एका काकांकडे गेले, येऊरमध्ये पस्तीस वर्षं पक्षी बघतायत, ओळखीतून नंबर मिळाला. त्यांनी चहा दिला, हेडफोन लावून दहा सेकंद ऐकलं, हेडफोन काढला आणि मला विचारलं, "ताई, अशी किती रेकॉर्डिंग आहेत तुमच्याकडे?" मी म्हंटलं दोन. तर म्हणतात, "दोन दिवस एकाच पक्ष्याचा घसा बसलेला पण असू शकतो." नंतर हसले आणि त्यांच्या लॅपटॉपवर झेनो-कँटो ही साइट उघडली, जगभरचे लोक तिथे पक्ष्यांचे आवाज टाकतात, फुकट आहे, ते वापरायला कोणाची शिफारस लागत नाही. तिथली इंडियन स्कॉप्स आऊलची चारपाच रेकॉर्डिंग वाजवली. वुक्. वुक्. वुक्. वेगवेगळ्या राज्यांतली, सगळी माझ्या खिडकीतलीच.

वीतभर उंचीचं, कानासारखी पिसं असलेलं, आपल्याकडे अगदी नॉर्मल घुबड. आंब्याच्या ढोलीत राहतं. नवीन तर नाहीच, दुर्मिळ पण नाही. आणि त्याची हाक बेडकासारखी वाटते असं पुस्तकातच लिहिलेलं असतं हे काकांनी जाता जाता सांगितलं, ते मी घरी सांगितलेलं नाही. नवरा वाचत नाही माझे रिव्ह्यू.

पण त्या दोन तासांत काकांनी मला जे समजावलं त्यासाठी साडेनऊ हजार वसूल. मी विचारलं, समजा खरंच कुठल्याच हाकेशी जुळलं नसतं, तर?

तर म्हणे तेव्हा काम सुरू होतं, संपत नाही. आधी खूप रेकॉर्डिंग, वेगवेगळ्या पक्ष्यांची, वेगवेगळ्या महिन्यांतली, नर-मादी दोघांची. मग जवळच्या नात्यातल्या सगळ्या जातींच्या हाकांशी तुलना, सुराची उंची, लांबी, मधलं अंतर, सगळं मोजून. मग प्लेबॅक, म्हणजे त्याची स्वतःची आणि शेजारच्या जातींची हाक त्याला ऐकवायची आणि तो कशाला उत्तर देतो ते नोंदवायचं. स्वतःच्या हाकेवर धावून आला आणि दुसरीकडे ढुंकून बघितलं नाही तर तो एक पुरावा. मग पक्षी बघायला हवा, हातात घेऊन पंख, शेपटी, पायाची नळी, चोच मोजायला हवी, रक्त किंवा पिसातून डीएनए. मग संग्रहालयांच्या कपाटांमधले जुने पेंढा भरलेले पक्षी काढून शेजारी ठेवून बघायचं. आणि शेवटी एक नमुना नेमून द्यायचा, होलोटाइप, की हे लॅटिन नाव कायमचं याला चिकटलं, उद्या वाद झाला तर याच्याकडे येऊन बघा. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, तिच्यात हे सक्तीचं आहे. आमच्या ऑडिटमध्ये ओरिजिनल व्हाउचर लागतं ना, तसंच. झेरॉक्स चालत नाही.

मी विचारलं म्हणजे मारायलाच लागतो? दरवेळी नाही. अरुणाचलमध्ये ईगलनेस्टला रमणा अत्रेय यांनी बुगुन लिओसिक्ला हा पक्षी २००६ मध्ये जाहीर केला तेव्हा तो मारला नाही, पकडून मापं, फोटो, गळलेली पिसं घेतली आणि सोडून दिला, कारण इतके थोडे होते की एक मारणं पण परवडलं नसतं. (तो दिवसाचा पक्षी आहे, पण मुद्दा तोच.) आणि दुसरं टोक म्हणजे इथियोपियातला नेचिसार रातवा. १९९० मध्ये रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या पक्ष्याचा एक पंख मिळाला. फक्त पंख. त्यावरून १९९५ मध्ये नवीन जात जाहीर केली आणि नाव ठेवलं सोलाला, म्हणजे नुसता पंख. मला हे इतकं आवडलं की मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, कोणी विशेष दाद दिली नाही.

आणि कपाटातलं घुबड. ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बे मध्ये हुमायून अब्दुलाली यांनी १९६६ मध्ये एक छोटं घुबड मिळवलं, १९७७ मध्ये अजून एक. आपल्या फोर्टातल्या बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अब्दुलाली. आणि ते नवीन जातीचं आहे हे लक्षात यायला १९९८ उजाडलं, पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी नीट तपासून ओटस अलियस असं नाव दिलं. अलियस म्हणजे लॅटिनमध्ये 'दुसरा'. बत्तीस वर्षं. पक्षी मिळालेला होता, फक्त तो कोण आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

याच रासमुसेन बाई वर सांगितलेल्या श्रीलंकेच्या घुबडाच्या पेपरमध्ये पण आहेत, आणि आपल्या रानपिंगळ्याच्या (हे पण एक छोटं घुबडच) गोष्टीत पण. ती गोष्ट थोडक्यात सांगतेच. रानपिंगळा पहिल्यांदा मिळाला १८७२ ला, ए. ओ. ह्यूम यांनी वर्णन केलं १८७३ ला, आणि १८८४ नंतर गायब. एकशे तेरा वर्षं कोणाला दिसला नाही, लोक नामशेष धरून चालले. मधे मेनर्ट्झहागन नावाच्या एका इंग्रज कर्नलने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला म्हणून एक नमुना दाखवला होता, तो निघाला चोरीचा, जुनाच पक्षी संग्रहालयातून ढापून परत पेंढा भरून स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावलेला. त्या खोट्या चिठ्ठीमुळे लोक भलतीकडेच शोधत बसले. रासमुसेन यांनी चिठ्ठ्यांचा छडा लावला, खऱ्या जुन्या जागांची यादी केली आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या सोबतच्यांना तो बसलेला दिसला. सोबतच्यांमध्ये बेन किंग होते, तेच ज्यांनी पुढे लोंबोकमधली हाक ऐकली. ही दुनिया आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखी आहे, फिरून फिरून तीच चार माणसं.

सगळ्यात भारी किस्सा ओमानचा. २०१३ मध्ये तिथल्या डोंगरात एका घुबडाची अनोळखी हाक रेकॉर्ड झाली, नवीन जात म्हणून स्ट्रिक्स ओमानेन्सिस नाव दिलं, सगळीकडे गाजावाजा. मग संग्रहालयातला ह्यूम यांचा १८७८ चा नमुना परत नीट तपासला तर कळलं की ओमानवालं हे ह्यूम यांनी नाव दिलेलंच घुबड आहे, आणि ज्याला सगळे इतकी वर्षं ह्यूमचं घुबड समजत होते तेच वेगळं निघालं, त्याला बिनानावाचं ठेवून चालणार नव्हतं म्हणून २०१५ मध्ये नवीन नाव द्यायला लागलं. म्हणजे नवीन होतं ते जुनं निघालं आणि जुनं होतं ते नवीन. एवढ्या मोठ्या माणसांचं जिथे असं होऊ शकतं तिथे माझं भारद्वाजाचं काय घेऊन बसलात.

तक्रारी

केस. महाभिकार. "वॉटरप्रूफ" म्हणून दिलेली डबी डिसेंबरमधल्या नुसत्या दवात आतून ओली झाली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे मॅडम पाणी बाहेरून नाही आलं, आतल्या हवेचंच आहे. बरोबर असेल, पण बोर्डाला काय फरक पडतो? आता मी झिपवाल्या जाड पिशवीत ठेवते, आत सिलिका जेलची पुडी, दर आठवड्याला बदलते. पुड्या नवीन चपलांच्या खोक्यातून जमा करते, साडेनऊ हजारात दिलेली एकच होती.

घोडबंदर रोड. ही यंत्राची चूक नाही पण ठाणेकरांनी लक्षात घ्या. ट्रकची घरघर आणि मेट्रोच्या कामाचा धडधडाट याच खालच्या पट्टीत येतो जिथे घुबडं बोलतात. सेटिंगमध्ये फिल्टर आहे, तो ३०० हर्ट्झच्या खालचं कापायला लावा, थोडं तरी सुसह्य होतं. रस्त्याकडच्या खिडकीला लावणार असाल तर पैसे वाया घालवू नका, गच्चीवर किंवा डोंगराकडे तोंड करून.

ऐकायचं कोणी? रात्रीचे दहा तास म्हणजे दहा तास. आपोआप ओळखणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांच्यावर किती विसंबायचं ते तुम्ही बघा. आमच्याकडे एकाने सलग चार रात्री युरोपातलं स्कॉप्स आऊल दाखवलं, दर तीन सेकंदांनी एक शिटी, अतिशय नियमित. मी परत उत्साहात. निघालं काय तर लिफ्टच्या मशीनरूममधल्या यूपीएसची बॅटरी गेलेली, ती बीप देत होती. सोसायटीला कळवलं, बॅटरी बदलली, युरोपातलं घुबड स्थलांतर करून गेलं. आता मुलगा ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम भराभर सरकवत जातो, डोळ्याने बघणं कानाने ऐकण्यापेक्षा खूप पटकन होतं, रात्रीमागे वीस मिनिटं. त्याचे मी त्याला पैसे देते, ते वेगळे धरा.

आणि एक माझीच चूक, पण सांगते कारण नवीन माणूस हटकून करतो. "वुक्" सापडल्यावर मी गच्चीवर ब्लूटूथ स्पीकरने त्याला त्याचीच हाक ऐकवली, तो येतो का बघायला. पाच दिवस आवाज बंद. काका फोनवर चांगलेच तापले. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, खाणंपिणं सोडून तो भांडायला तरी येतो नाहीतर गप्प बसतो, विणीच्या दिवसांत तर अजूनच वाईट. अभ्यास करणारे मोजूनमापून, परवानगीने करतात, आपण गच्चीवर बसून करायचा खेळ नाही तो. घुबडं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत हे पण ऐकवलं. आणि रात्री येऊरच्या जंगलात घुसून यंत्र झाडाला बांधायचा विचार असेल तर विसरा, वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. आपली गच्ची, आपलं गॅलरीचं ग्रिल, गावाकडचं घर.

मग घ्यावं का?

नवीन जात शोधायला घेणार असाल तर नका घेऊ, किंवा घ्या पण पुढची दहा वर्षं मोकळी ठेवा. बाकी मला विचाराल तर पाचपैकी चार, एक केसचा कापला. सहा महिन्यांत आमच्या एका गच्चीवरून मिळालेलं सांगते : पाण्याच्या टाकीवर येणारं गव्हाणी घुबड, त्याची किंकाळी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मुलाने हेडफोन फेकला. पिंगळ्यांची भांडणं, रोज. जानेवारीत दोन रात्री लांबून रातवा, चक चक चक, कोणीतरी लाकडावर टिचक्या मारल्यासारखा. टिटवी कधीही. मे मध्ये पहाटे तीनला कोकीळ आणि आता आठवडाभर पावशा, रात्रीबेरात्री "पेरते व्हा पेरते व्हा", इथे पेरणार कुठे, कुंडीत. आणि एप्रिलमधली एक रात्र ज्यात सव्वादोन ते पावणेतीन आख्ख्या एरियातलं एकही कुत्रं भुंकत नाही. काका म्हणाले डोंगरावरून कोणीतरी खाली आलं असणार. मी ती फाईल ठेवून दिलीये.

यातलं मी आधी काही ऐकत नव्हते का? ऐकत असणारच, नऊ वर्षं इथे राहतोय.

सासूबाई आता सगळ्यात जास्त वापरतात. म्हणजे यंत्राला हात लावत नाहीत, पण सकाळी चहाबरोबर मुलगा रात्रीच्या क्लिपा लावतो आणि त्या नावं सांगतात. त्यांची नावं पुस्तकातल्या नावांशी दरवेळी जुळत नाहीत, पण पक्षी एकदाही चुकलेला नाही. मी त्यांना लोंबोकच्या बुरुंग पोकचं सांगितलं तर म्हणाल्या, मग, गावच्या लोकांना ठाऊकच असतं, त्यांना विचारलं कोणी होतं का.

त्यांनाच मी रानपिंगळ्याचा फोटो दाखवला. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात सापडलाय, म्हणजे त्यांच्या माहेराच्या दाराशी, पश्चिम घाटातली ती पहिली नोंद. मी म्हंटलं आई, कधी बघितलाय का. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं, ते त्यांनी माझ्याआधी पकडलं. म्हणाल्या, "दिवसा बसतो का हा? उन्हात, वाळक्या फांदीवर?" आणि तो बसतोच दिवसा, रानपिंगळा घुबड असून दिवसाउजेडी शिकार करतो. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

तर पाऊस लागायच्या आत चार दिवस शहापूरला जातोय, मामांच्या घरी, ओटीच्या खांबाला लावणार आहे. नवीन सेल घेतलेत, पुड्या घेतल्यात. टायमर सकाळी सहा ते संध्याकाळी सात. भारतीय वेळ आहे, मी दोनदा बघितलं आणि मुलाने एकदा.